मदत हवी आहे : मलनिस्सारण केंद्राच्या पाण्याने ठिबकचे ड्रिपर तुंबतात, सॅन्ड फिल्टर घ्यावा की डिस्क?

गोदाकाठचा_बागायतदार
नमस्कार. आमची द्राक्षबाग नाशिक शहराच्या खालच्या अंगाला, निफाडच्या दिशेने आहे. विहिरीने फेब्रुवारीतच तळ दाखवल्यामुळे मार्चपासून आम्ही मलनिस्सारण केंद्रातून शुद्ध होऊन बाहेर पडणारे पाणी ठिबकने देत आहोत. मात्र दर तीन-चार दिवसांनी ड्रिपर तुंबतात आणि मजूर लावून ते एकेक करून मोकळे करावे लागतात. सध्या जाळीचा फिल्टर आहे. सॅन्ड (वाळूचा) फिल्टर घ्यावा की डिस्क (चकत्यांचा), एवढेच कृपया सांगावे. पाणी चांगले की वाईट हा माझा प्रश्न नाही, कारण केंद्राचा अहवाल माझ्याकडे असून त्यात बीओडी (पाण्यातील सेंद्रिय घाणीचे माप) लिटरला 10 मिलिग्रॅमच्या आत आहे. खरड छाटणी (उन्हाळ्यातील, नव्या काड्यांसाठीची) होऊन महिना झाला आहे, तेव्हा उत्तर लवकर मिळावे.

ठिबकवाला
दोन्ही घ्यावेत, आधी सॅन्ड आणि त्यानंतर डिस्क. सांडपाण्यातील गाळ कणीदार नसतो, बुळबुळीत असतो. जाळीवर दाब वाढला की तो चेपून पलीकडे निघून जातो आणि ड्रिपरमध्ये पुन्हा गोळा होतो. वाळूचा थर खोल असल्यामुळे तो तेथे अडकतो. फिल्टरच्या आधीच्या व नंतरच्या दाबात फरक वाढू लागला की बॅकवॉश करावा (उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुवावा), आणि लॅटरलची (ड्रिपर बसवलेल्या नळ्यांची) टोके आठवड्यातून एकदा उघडून पाणी सोडून द्यावे. पंप किती अश्वशक्तीचा आहे आणि ड्रिपर ताशी किती लिटरचे आहेत, हे आपण लिहिलेलेच नाही.

काळी_माती
फिल्टरने कचरा निघतो, क्षार निघत नाहीत, आणि बीओडीच्या आकड्यातून क्षारांविषयी काहीही कळत नाही. ईसी (एकूण क्षारांचे माप), सोडियम, क्लोराइड आणि बायकार्बोनेट किती आहे? जमीन भारी की मुरमाड? वेली स्वमुळांवर आहेत की डॉगरीज खुंटावर (दुसऱ्या जातीच्या मुळांवर कलम केलेल्या)? दुसरे म्हणजे, या पाण्यात नत्र असते. लिटरला 30 मिलिग्रॅम धरले तरी एक लाख लिटर पाण्यातून 3 किलो नत्र जमिनीत जाते. खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत काडीत सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्या वेळी नत्र जास्त झाल्यास शेंडे धावतात आणि गोडी छाटणीनंतर (पुढच्या, फळासाठीच्या छाटणीनंतर) घड कमी निघतात. आपण वरून युरिया सोडत असाल तर तो आजच थांबवावा.

रानपाखरू
फिल्टरवर एवढा खर्च कशासाठी? पाणी आठ-दहा दिवस शेततळ्यात साठवावे, गाळ आपोआप खाली बसतो. ड्रिपर तुंबलेच तर रात्री टाकीत ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र करून सोडावे. आमच्याकडे वर्षानुवर्षे हेच चालते.

निवृत्त_अभियंता
रानपाखरू यांचा दुसरा सल्ला कृपया कोणीही पाळू नये. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आल्यास क्लोरीन वायू निघतो आणि बंद पंपघरात तो जिवावर बेतू शकतो. शिवाय त्या पावडरीतील कॅल्शियम पाण्यातील बायकार्बोनेटशी मिळून चुना तयार करते, म्हणजे ड्रिपर मोकळे होण्याऐवजी कायमचे बंद होतात. क्लोरीन द्यायचाच असेल तर सोडियम हायपोक्लोराइट वापरावे आणि लॅटरलच्या शेवटच्या टोकाला 1 ते 2 पीपीएम मुक्त क्लोरीन मिळतो का, हे तपासावे. पाण्यात अमोनिया असल्यास आधी तोच क्लोरीन खातो, त्यामुळे मात्रा अंदाजाने ठरवू नये.

आता मूळ प्रश्नाकडे. बीओडी खरोखर 10 च्या आत असेल तर तरंगते घटकही सहसा कमीच असतात आणि ड्रिपर इतक्या लवकर तुंबत नाहीत. आपण पाणी नेमके कोठून उचलता?

रानपाखरू
साठवणीबद्दल तरी माझे म्हणणे खरे आहे ना?

निवृत्त_अभियंता
खरे आहे, आणि जंतांची अंडी खाली बसण्यासाठी तर साठवण फारच उपयोगी पडते. पण उन्हाळ्यात तळ्यात शेवाळ धरते आणि तेच पुढे फिल्टरवर येते.

गच्चीवरची_बाग
आमच्या सोसायटीत स्नानगृहाचे पाणी कर्दळ लावलेल्या वाफ्यातून सोडतो आणि ते फुलझाडांना देतो. वास अजिबात येत नाही. आपणही कर्दळ लावून पाहावी.

गोदाकाठचा_बागायतदार
मी एक साधा प्रश्न विचारला होता. असो. जमीन भारी काळी आहे, खुंट डॉगरीज आहे, ड्रिपर ताशी 4 लिटरचे आहेत आणि पंप साडेसात अश्वशक्तीचा आहे. ईसी तपासलेली नाही. युरिया दोनदा सोडला आहे. पाणी केंद्राचेच आहे. केंद्राच्या तोंडापासून सुमारे 700 मीटर खाली, जेथे नाला आमच्या बांधाला लागतो, तेथे फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपचे पाणी ओढणारे तोंड) टाकला आहे.

निवृत्त_अभियंता
त्या 700 मीटरमध्ये नाल्याला दुसरे काही येऊन मिळते का?

गोदाकाठचा_बागायतदार
एका नवीन वसाहतीचे गटार मिळते. पण ते लहान आहे.

निवृत्त_अभियंता
मग आपल्याजवळचा अहवाल आपल्या पाण्याचा नाही. केंद्राच्या तोंडाशी पाणी कितीही स्वच्छ असले तरी आपला पंप उन्हाळ्यात, नाल्याचा प्रवाह बारीक असताना, वसाहतीचे कच्चे सांडपाणी ओढत आहे. सकाळी सात ते नऊ या वेळेत, म्हणजे घरोघरी पाण्याचा वापर सर्वाधिक असताना, फूटव्हॉल्व्हजवळचा नमुना घ्यावा आणि त्याच दिवशी केंद्राच्या तोंडाचाही घ्यावा. दोन आकडे शेजारी ठेवले की फिल्टरचा प्रश्न निम्मा सुटेल.

काळी_माती
माल निर्यातीचा असेल तर आणखी गंभीर आहे, कारण ग्लोबलगॅप या निर्यातीच्या शेतमाल प्रमाणपत्रात शुद्ध न केलेले सांडपाणी सिंचनाला चालत नाही. ओळींच्या मधल्या पट्ट्यात भाजी लावली आहे का?

गोदाकाठचा_बागायतदार
घरापुरती कोथिंबीर आहे.

काळी_माती
ती खाऊ नये. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 1989 मध्ये 100 मिलिलिटरमागे 1000 विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणूंची मर्यादा घातली होती. कच्च्या सांडपाण्यात हा आकडा लाखांच्या घरात असतो. द्राक्षाचे घड तारेवर उंच असतात, ड्रिपरचे पाणी त्यांना लागत नाही. कोथिंबीर मात्र त्या ओल्या मातीतच उभी असते.

गोदाकाठचा_बागायतदार
कोथिंबीर उपटली. सकाळी आठ वाजता दोन्ही ठिकाणच्या बाटल्या भरून प्रयोगशाळेत दिल्या आहेत. थेट केंद्राच्या तोंडापासून पाइप आणायचा तर महापालिकेची परवानगी घ्यावी लागेल, ती मिळवता येईल. पण पाइप दोन बांधांवरून न्यावा लागतो आणि त्यातला एक बांध आमच्या भाऊबंदांचा आहे, ज्यांच्याशी आमचे सहा वर्षे बोलणे नाही.

ठिबकवाला
पाइप आणला तरी सॅन्ड फिल्टर लागेलच.