मदत हवी आहे: न्यू जर्सीत घरामागचं लॉन पिवळं आणि विरळ पडलंय

आभा_एनजे
नमस्कार मंडळी. सेंट्रल जर्सीत घरामागे साधारण १२०० चौरस फुटांचं लॉन आहे. माती चिकण, सहा-सात तास ऊन, एका कोपऱ्यात मेपलची सावली. जुलैपासून मधले पट्टे पिवळे पडलेत आणि कुंपणाच्या कडेने फिकट हिरवं, रुंद पातीचं गवत पसरलंय. स्प्रिंकलर रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं चालतो, मोअर दर शनिवारी दोन इंचांवर. ऑगस्ट संपत आला. आता खत टाकू, बी पेरू, की स्प्रिंगपर्यंत थांबू? किती आणि कधी, तेही सांगा प्लीज.

माळरान
स्प्रिंगपर्यंत थांबू नका. तुमच्याकडचं गवत थंड हवेतलं: टॉल फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास, राय. ते पेरायला ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर यासारखा काळ नाही. माती अजून उबदार असते म्हणून बी लवकर रुजतं, हवा गार होत जाते म्हणून रोप होरपळत नाही, आणि तणाचा जोर ओसरलेला असतो. एप्रिलमध्ये पेरलेल्या रोपाची मुळं जुलैच्या उन्हाआधी पुरेशी खोल जात नाहीत.

पण आधी पिवळं का पडलं ते बघा. पिवळ्या पट्ट्यातलं मूठभर गवत धरून ओढा. घट्ट असेल आणि बुडखा पांढरट-हिरवा असेल, तर ते उन्हाने झोपलंय, मेलेलं नाही. सतरंजीसारखं अलगद उचललं गेलं, तर खाली इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या शोधा. एका चौरस फुटात दहाच्या वर सापडल्या तर आधी त्यांचा बंदोबस्त करा, नाहीतर नवीन मुळंही त्या खातील.

मग एक पाती तोडून तिचं टोक बघा. सरळ कापलेलं असेल तर ठीक. चिंध्या होऊन पांढरट दिसत असेल तर मोअरचं पातं बोथट आहे. लांबून सगळं लॉन करडं दिसतं ते बऱ्याचदा यामुळेच, आणि लोक उगाच पाणी वाढवत बसतात.

दोन इंच उंची फार कमी आहे. साडेतीन ठेवा, आणि एका वेळी पातीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. उंच गवताची मुळं खोल जातात आणि जमिनीवर सावली राहिल्याने क्रॅबग्रास या तणाचं बी कमी उगवतं. कुंपणापाशी पसरलेलं तुमचं ते फिकट गवत वर्णनावरून क्रॅबग्रासच वाटतं. ते वर्षायू आहे, पहिल्या कडक थंडीत आपोआप मरेल. आता औषध मारू नका, बी धरायच्या आत हाताने उपटा.

गवतफुला
पाण्याबद्दल. रोज थोडं पाणी दिलं की मुळं वरच्या वर राहतात, आणि संध्याकाळी दिलं की पाती रात्रभर ओली राहून बुरशी धरते. आठवड्याला पावसासकट एक इंच, दोन हप्त्यांत, पहाटे. तुमच्या लॉनला एक इंच म्हणजे साधारण ७५० गॅलन. स्प्रिंकलरखाली चार-पाच रिकामे टूनाचे डबे ठेवा, अर्धा इंच भरायला किती मिनिटं लागतात ते बघा आणि टायमर तेवढा लावा. चिकण मातीत पाणी मुरायच्या आधीच वाहू लागलं, तर ती मिनिटं दोन तुकड्यांत द्या, मध्ये अर्धा तास सोडा.

आभा_एनजे
ओढून बघितलं, घट्ट आहे, अळ्या नाहीत. मग सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरणी धरते. पद्धत सांगाल?

माळरान
उत्तम. पेरणीपुरतंच गवत दोन इंचांवर कापा आणि कापलेलं उचला. माती ओलसर असताना कोर एअरेटर (जमिनीला भोकं पाडून मातीच्या गुंडाळ्या बाहेर काढणारं यंत्र) भाड्याने आणून उभा-आडवा फिरवा. मातीच्या गुंडाळ्या दोन-तीन इंच लांब निघायला हव्यात. कोरड्या मातीत दाते आत जात नाहीत आणि भाडं फुकट जातं. स्प्रिंकलरच्या डोक्यांपाशी आधी झेंड्या रोवा. गुंडाळ्या तिथेच राहू द्या, विरघळतील.

टॉल फेस्क्यूचं बी हजार चौरस फुटांना चार पौंड, म्हणजे तुम्हाला पाच पौंड पुरे. अगदी उघड्या जागी दुप्पट. अर्धं उभं, अर्धं आडवं पेरा आणि दाताळ्याच्या पाठीने हलकेच चेपा. बी पाव इंचापेक्षा खोल नको. मातीला टेकलेलं बीच रुजतं. जुन्या गवतावर अडकलेलं वाळून जातं, बहुतेक पेरण्या इथेच फसतात.

पहिले दोन आठवडे दिवसातून दोन-तीनदा, वरचा थर ओलसर राहील इतकंच पाणी. फेस्क्यू आठ ते चौदा दिवसांत दिसतं, ब्लूग्रासला तीन आठवडेही लागतात, तोवर धीर धरा. रोपं चार इंच झाली की पहिली कापणी, तीन इंचांवर, पातं नव्याने धार लावलेलं. ऑक्टोबरात मेपलची पानं नव्या रोपांवर साचू देऊ नका, खाली रोपं कुजतात.

गवतफुला
खताला न्यू जर्सीत कायदा आहे. घरमालकाला १५ नोव्हेंबर ते १ मार्च खत टाकता येत नाही, आणि एका वेळी हजार चौरस फुटांना जास्तीत जास्त ०.९ पौंड नायट्रोजन. फॉस्फरस फक्त नवीन पेरणी-दुरुस्तीला किंवा माती परीक्षणात कमी निघाला तरच. तेव्हा पेरणीसोबत स्टार्टर खत (नव्या रोपांसाठीचं, फॉस्फरस असलेलं) चालेल. त्यानंतर सहा-आठ आठवड्यांनी पिशवीवर २४-०-६ (म्हणजे २४ टक्के नायट्रोजन, फॉस्फरस शून्य, ६ टक्के पोटॅश) लिहिलेलं खत घेतलंत, तर १२०० चौरस फुटांना साडेचार पौंड ही कमाल. त्याहून जास्त नको.

माती रटगर्स या न्यू जर्सीच्या राज्य विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. दहा-बारा जागांहून वरची चार इंच माती एकत्र करून पाठवायची. सामू (पीएच) ६ च्या खाली आला तरच चुना, आणि अहवालात लिहिलाय तेवढाच.

आभा_एनजे
आणि क्रॅबग्रास पुढच्या वर्षी?

माळरान
स्प्रिंगमध्ये फोर्सिथिया या झुडपाची पिवळी फुलं उमलली की, मातीचं तापमान ५५ फॅरनहाइटकडे जात असताना, प्रोडायमिन किंवा डायथायोपिर हे तण उगवण्याआधीच रोखणारं औषध टाका आणि अर्धा इंच पाणी द्या. हे औषध तणासोबत पेरलेलं बीही उगवू देत नाही. म्हणून उरलेले रिकामे ठिपके या सप्टेंबरातच भरा.