स्लाइडवर जंतू दिसले नाहीत, तरी बोक्याला डॉक्सी चालू ठेवायची का?

भद्रकाली_फीडर
जुन्या नाशकातला भटका बोका, वय अंदाजे तीन वर्षं, वजन ३.२ किलो. खाणं जवळपास बंद, हिरड्या पांढऱ्याफटक, ताप १०३.६, भिंतीचा चुना चाटत बसतो. अंगावर पिसवा भरपूर. रिपोर्ट: हिमोग्लोबिन ५.१, पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण) १६, स्लाइडवर ‘रक्तपरजीवी आढळले नाहीत’. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन ३२ मिग्रॅ रोज एकदा, २१ दिवस लिहून दिलंय. लॅबवाला म्हणतो जंतूच नाहीत तर अँटिबायोटिक कशाला? सध्या बोका पिंजऱ्यात आहे, कॅप्सूल फोडून अंदाजाने एक तृतीयांश पावडर दुधातून देतोय. त्याच्यासोबत जेवणाऱ्या बाकीच्या मांजरांनाही सुरू करायचं का?

काचपट्टी
बंद करू नका. स्लाइड निगेटिव्ह आली म्हणून मायकोप्लाझ्मा हिमोफेलिस हा मांजरांचा रक्तजंतू नाही असं कुणी सांगू शकत नाही. (जुन्या रिपोर्टांत हिमोबार्टोनेला लिहिलेलं दिसेल, तेच हे.) हा जंतू लाल पेशीच्या आत शिरत नाही, वरून चिकटून बसतो. रक्तातली त्याची संख्याही खालीवर होत राहते, आज पट्टीभर दिसतील, दोन दिवसांनी शोधून सापडणार नाहीत. त्यात ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त काही तास पडून राहिलं की जंतू पेशींवरून सुटतात. सकाळी रक्त काढलं, संध्याकाळी लॅबमध्ये स्लाइड केली, तर ‘आढळले नाहीत’ हाच रिपोर्ट येणार! स्लाइड करायची तर मांजरापाशीच, सुई काढल्या काढल्या, ईडीटीएत घालण्याआधी एक थेंब काचेवर ओढून झटपट वाळवायचा. उलटंही होतं. नीट न गाळलेल्या स्टेनचे (पट्टी रंगवायच्या रंगाचे) कण जंतू म्हणून मोजले जातात.

खात्रीची तपासणी पीसीआर, म्हणजे रक्तात जंतूचा डीएनए शोधणं. ईडीटीएमधलं सुमारे १ मिली रक्त, फ्रीजमध्ये ठेवलेलं, गोठवलेलं नाही. ते पहिल्या डोसआधी काढायला हवं, औषध सुरू झाल्यावर निगेटिव्ह आलं तर त्याला फारसा अर्थ नाही. आता यापेक्षा दोन गोष्टी विचारा. रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या कोवळ्या लाल पेशी, किती आहेत? वाढलेले असतील तर हाडातली मज्जा पेशी बनवतेय, त्या रक्तात आल्यावर फुटतायत. आजार सुरू होऊन तीन-चार दिवस झाल्यावरही वाढले नसतील तर गाडी वेगळ्या रुळावर आहे. दुसरं, एफआयव्ही (प्रतिकारशक्ती खच्ची करणारा मांजरांचा विषाणू) आणि ल्युकेमिया विषाणूची रॅपिड टेस्ट. भांडखोर बोक्यांत ही जोडी नेहमी बघावी, चावण्यातून दोन्ही पसरतात आणि ल्युकेमिया असला की हा रक्तजंतू जास्त जोर करतो.

पीसीव्ही १६ म्हणजे काठावर. त्याखाली घसरला, तोंड उघडून श्वास घ्यायला लागला, तर रक्त द्यायचा विचार लागेल. मांजरात ‘पहिली बाटली चालून जाते’ हा कुत्र्यांचा हिशोब लावू नका. बी गटाच्या मांजरात ए गटाविरुद्धच्या प्रतिपिंडांचा साठा आधीपासूनच तयार असतो, पहिल्याच वेळी जीव जाऊ शकतो. गट तपासूनच, क्रॉसमॅच (दोघांचं रक्त जुळतं का याची चाचणी) करूनच. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड स्वतःहून अजिबात नको.

गोळीबार
मला त्या दुधाची जास्त काळजी वाटते. डॉक्सी आणि कॅल्शियमचं पटत नाही, औषध पोटातून नीट शोषलंच जात नाही. दही, पनीरही नको. उघडी पावडर तर आणखी वाईट, कडू लागते, फेस येतो, निम्मी बाहेर. शिवाय मांजराची अन्ननलिका संथ असते, डॉक्सी हायक्लेट (कॅप्सूलमध्ये येणारा डॉक्सीचा प्रकार) तिथे अडकलं की आतून जखम होते आणि काही दिवसांनी ती आकसते. मग मांजर गिळताना मान ताणतं, खाल्लेलं तसंच बाहेर टाकतं. लोकांना वाटतं आजार बळावला.

डॉक्टरांना सांगून सस्पेन्शन (पातळ औषध) करून घ्या, म्हणजे मोजून ३२ मिग्रॅ देता येईल. डोसनंतर लगेच ५-६ मिली पाणी, सुईविना सिरिंजने, गालाच्या बाजूने, हळूहळू. किंवा मागोमाग चिकन शिजवलेलं पाणी. तोंड वर करून घशात सोडाल तर फुप्फुसात जाईल.

रक्त कमी म्हणून लोहाचं सिरप पाजू नका. इथे पेशी अंगातच फुटतायत, लोह बाहेर गेलेलं नाही. पिसवांनी पिऊन सुकवलेल्या पिल्लाची गोष्ट वेगळी.

सिडकोचा_मोती
रोज पकडून देण्यापेक्षा ते १४ दिवस पुरणारं इंजेक्शन द्या ना, सेफोवेसिन. एकदाच टोचलं की सुटका.

काचपट्टी
@सिडकोचा_मोती ते इथे कुचकामी. त्या गटाची औषधं जंतूच्या पेशीभित्तिकेवर काम करतात आणि मायकोप्लाझ्माला भित्तिका नाहीच. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफोवेसिनसारखी ‘सेफ’वाली औषधं, सगळं त्यातच आलं. डॉक्सी सोसलीच नाही तर डॉक्टर मार्बोफ्लॉक्सासिन २ मिग्रॅ/किलो रोज देऊ शकतात. एन्रोफ्लॉक्सासिन ५ मिग्रॅ/किलोच्या वर गेलं की डोळ्याचा पडदा जाण्याचा धोका, म्हणून मांजरात टाळलेलं बरं.

बाकीच्या मांजरांना सरसकट डॉक्सी नको. खाऊन-पिऊन ठणठणीत वाहक असतात, त्यांना औषध देऊनही जंतू पुरता जाईलच असं नाही. पिसवा मात्र सगळ्यांच्याच मारा.

भद्रकाली_फीडर
दूध आजपासून बंद. पिसवांसाठी घरात कुत्र्याचं स्पॉट-ऑन (कातडीवर टाकायचे थेंब) आहे, थोडं थोडं वाटून टाकलं तर?

गोळीबार
नाही! आधी मागचं लेबल वाचा. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर दोन थेंबही झटके आणतात. गोठ्यात फवारायचं गोचीड औषधही तसलंच. मांजराचं फिप्रोनिल, ०.५ मिलीची पिपेट, मानेमागे केस बाजूला करून कातडीवर, महिन्याला एकदा. पिंजऱ्यातली गोधडी उकळत्या पाण्यात, कारण अंडी अंगावरून तिथेच गळतात.

थंडी वाढली की पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा, रक्त कमी असलेलं मांजर स्वतःला ऊब देऊ शकत नाही. आठवड्याने पीसीव्ही पुन्हा करा. नसबंदीची घाई नको. २१ दिवस पुरे, पीसीव्ही २५ च्या वर, मग तारीख घ्या, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा रिपोर्ट आधी दाखवा.