'आत्मपरीक्षण' वाचून मुलं गुन्हे कबूल करतायत, सेल्फ रिफ्लेक्शनला दुसरा शब्द सुचवा

पाटीपेन्सिल: तिसरीच्या मुलांसाठी तास संपताना भरायची चिठ्ठी मराठीत करतेय. वर 'आत्मपरीक्षण' लिहिलं तर निम्म्या वर्गाने 'मी फार बडबड करतो, यापुढे करणार नाही' असं लिहून दिलं. मला हवं होतं वजाबाकीत कुठे अडलं ते, म्हणजे उद्याचा तास तिथूनच सुरू करता येईल.

सायंतारा: परीक्षा दडलीय ना त्यात, मुलांना तेवढंच ऐकू येतं. आत्मचिंतन?

मूळधातू: परि + ईक्ष्, चहूबाजूंनी बघणं, किती नेमका शब्द आहे! मुलांना कळत नाही म्हणून शब्द टाकून द्यायचा का? अर्थ समजावून सांगा.

वाटाड्या: आत्मचिंतन म्हणजे डोळे मिटून बसा असं वाटतं. सिंहावलोकन घ्या, सिंह चालता चालता मागे वळून बघतो, आणि रिफ्लेक्शनच्या लॅटिन मुळाचा अर्थही मागे वळवणं असाच आहे.

पाटीपेन्सिल: आठ वर्षांच्या मुलाला सिंहावलोकन नको हो. काल नुसतं 'कुठे अडलं?' एवढंच लिहिलं. ५०३ - २४७ मध्ये एकीने लिहिलंय, 'उसना घ्यायचा पण शेजारी शून्य आहे त्याच्याकडे काहीच नाही'. असं बऱ्याच जणांचं निघालं, म्हणून आज काड्यांचे गठ्ठे घेऊनच वर्गात गेले, आधी शंभराचा गठ्ठा सोडला मग दहाचा.

सायंतारा: हेच तर! जॉन ड्यूई या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९१० सालीच म्हटलंय की विचाराची सुरुवात अडचण जाणवण्यापासून होते. 'अडलं' हाच शब्द.

मूळधातू: तो प्रश्न झाला, संज्ञा नाही. शिक्षकांच्या अहवालात काय 'अडलं-चिठ्ठी' लिहिणार? आणि घोळ 'उसना' शब्दाचाही आहे, उसनं म्हणजे परत करायचं, इथे कोण परत करतं? दशक सुटा केला म्हणा.

वाटाड्या: परत करायचे की! आमची आई 'हातचा' म्हणायची, वरच्या एककाला दहा दिले की खालच्या दशकात एक मिळवायचा, फेड झाली.

मूळधातू: हातचा बेरजेतला. वजाबाकीत तो कुठून आला?

पाटीपेन्सिल: चिठ्ठीच्या वर काय छापू ते सांगा ना कुणीतरी, सोमवारी द्यायचीय.

वाटाड्या: दोन्हीकडे हातचाच म्हणायचो आम्ही, वजाबाकीत तर बोटावर धरून ठेवायचो.