अनुभव धागा : नवी इलेक्ट्रिक गिटार घेताना, जुनी ऑनलाइन विकताना (मुंबई)

नवी इलेक्ट्रिक गिटार घेणं आणि जुनी विकणं ही दोन्ही कामं मुंबईत बहुतेक वेळा एकाच महिन्यात निघतात. घरात दोन गिटार ठेवायला जागा नसते, आणि नवीचे निम्मे पैसे जुनीतूनच उभे करायचे असतात. म्हणून दोन्हींसाठी एकच धागा. विनंती एवढीच की नुसतं ‘मस्त आहे, घेऊन टाका’ असं लिहू नका. काय मोजायचं, कुठली चावी लागते, कुठे अडतं आणि का, ते लिहा. माझ्यापासून सुरुवात करते.

दादर, गिटार शिकवते

घेणाऱ्याने आधी स्केल लेंग्थ, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी, ठरवावी, रंग नंतर. स्ट्रॅटोकॅस्टर पद्धतीच्या गिटारची 25.5 इंच असते, लेस पॉल पद्धतीची 24.75. पाऊण इंचाचा फरक कागदावर काहीच वाटत नाही. पण तेच 10-46 चे स्ट्रिंग (सर्वात बारीक आणि सर्वात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) लेस पॉलवर मऊ लागतात आणि स्ट्रॅटवर ताठ. लहान हातांना, नव्या बोटांना 25.5 वर 9-42 चा सेट बरा. वजनही बघा. लेस पॉल सहज चार किलोच्या वर जाते, आणि तासभर उभं राहून वाजवलं की खांदा बोलायला लागतो.

पहिलीच इलेक्ट्रिक असेल तर फ्लॉइड रोझ ब्रिज (ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा बसतात तो भाग) घेऊ नका, हे मी ठामपणे सांगते. तो स्प्रिंगच्या ताणावर तरंगत असतो. एक तार तुटली किंवा सैल केली की बाकीच्या पाचही सुरातून उतरतात. ड्रॉप डी (सर्वात जाड तार एक स्वर खाली उतरवणं) हवं असलं तरी सगळं पुन्हा जुळवत बसावं लागतं. स्थिर ब्रिजवर हेच काम दहा सेकंदांचं आहे.

आणि गिटारच्या पैशातच ॲम्प, तीन मीटरची बरी केबल, ट्यूनर आणि पट्टा बसवा. सगळं बजेट गिटारवर घालवून भंगार ॲम्पला जोडली तर चांगली गिटारही वाईटच वाजते. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हेडफोन लावता येईल असाच ॲम्प घ्यावा.

परळ, सेटअप आणि दुरुस्तीची कामं करतो

गिटार नवी असो की जुनी, पैसे द्यायच्या आधी नेक, म्हणजे तारा दाबतो ती लांब मान, तपासा. पिकअप (तारांचं कंपन पकडणारे चुंबक-कॉइल) बदलता येतात, जॅक (केबल लावायची जागा) बदलता येतो, पिळलेला नेक सरळ करणं फार खर्चाचं काम आहे.

पद्धत अशी. गिटार सुरात लावा. सैल तारांवर नेक तपासून काहीच कळत नाही. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा. नेक जिथे बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर सर्वात जाड तार दाबून धरा. आता ती तार म्हणजे सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी, म्हणजे जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट दिसतच नसेल तर नेक मागे गेलाय, खालच्या फ्रेटवर तारा घरघरणार. कार्ड ऐसपैस जात असेल तर नेक पुढे वाकलाय. बारीक तारेवरही हेच करा. दोन्हीकडची फट बरीच वेगळी निघाली तर नेकला पीळ असण्याची शंका घ्या आणि हेडस्टॉककडून (खुंट्या असतात त्या टोकाकडून) एक डोळा मिटून बघा.

थोडंफार वाकणं हा दोष नव्हे, नेकच्या आतला सळईसारखा ट्रस रॉड त्यासाठीच असतो. बघायचं ते हे की रॉड अजून फिरतो का. विकणाऱ्याला समोर फिरवून दाखवायला सांगा, पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको. घड्याळाच्या दिशेने घट्ट होतो आणि फट कमी होते. अनेक आशियाई गिटारना 4 मिमीची ॲलन की लागते, अमेरिकन फेंडरना बहुधा 1/8 इंचाची. जवळपासच्या मापाची चावी घुसवली की आतले कोपरे गोल होतात आणि पुढे कुठलीच चावी धरत नाही. रॉड हलत नसेल तर जोर लावू नका, तारा सैल करून बघा. तरीही हलला नाही तर ती गिटार सोडा, किंमत कितीही कमी असो.

नंतर ॲक्शन. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत जाड तारेला 2 मिमी आणि बारीक तारेला 1.5 च्या जवळपास असावी. स्टीलची छोटी पट्टी खिशात ठेवा. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, शेवटच्यापर्यंत. 22 फ्रेट आणि सहा तारा म्हणजे 132 स्वर, पाच मिनिटं लागतात. बारीक तारा बाराव्या ते पंधराव्या फ्रेटवर पूर्ण स्वर ओढून बघा. ओढताना आवाज मध्येच मरत असेल तर पुढचा कुठलातरी फ्रेट उंच आहे.

मुंबईबद्दल एक गोष्ट. गिटारला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. जुलैत आपल्याकडे हवा कितीतरी दमट असते आणि रात्री एसी लावला की तीच हवा कोरडी पडते. नेक रोज या दोन्हींमध्ये ये-जा करतो. कुठल्या बाजूला हलेल ते त्या-त्या लाकडावर आहे. म्हणून पावसात घेतलेली गिटार ऑक्टोबरात पुन्हा तपासावी. वर्षातून दोनदा पाव फेरा लागणं इथे नेहमीचंच आहे.

वसई, इलेक्ट्रॉनिक्सवाला

परळच्या दादांनी नेक सांगितला, मी वायरिंगचं सांगतो. जुनी गिटार बघायला जाताना मल्टिमीटर न्या. झाकण उघडायची गरज नाही. केबल गिटारला लावा, दुसऱ्या टोकाच्या जॅकवर एक सळई टोकाला आणि दुसरी बाहेरच्या नळीला. व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण वर. 20 किलोओहमच्या रेंजवर सिलेक्टरची (पिकअप निवडायच्या स्विचची) प्रत्येक जागा बघा. सिंगल कॉइल (एका कॉइलचा पिकअप) साडेपाच ते सातच्या आसपास दाखवतो, साधा हंबकर (दोन कॉइलचा) सात ते नऊ, जास्त आउटपुटचा त्याच्याही वर. स्ट्रॅटवर दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर आकडा एकदम निम्मा होतो. घाबरू नका, तिथे दोन पिकअप समांतर जोडलेले असतात. आकडाच येत नसेल तर कॉइल किंवा वायर तुटलीय. शून्य आला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बहुतेकदा जॅकमध्येच.

गुणगुण. सिंगल कॉइल मेन्सची 50 हर्ट्झची गुणगुण पकडणारच. तारांना हात लावल्यावर ती कमी झाली तर ब्रिजची ग्राउंड वायर शाबूत आहे. हात लावल्यावर वाढली तर ग्राउंडिंगमध्ये गडबड आहे. निकाल देण्याआधी भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते बघा. जुन्या इमारतींमध्ये तीन भोकांच्या सॉकेटमागे दोनच वायरी निघतात, आणि दोष बिचाऱ्या गिटारला लागतो. ॲम्पच्या प्लगची अर्थ पिन काढून गुणगुण घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

नॉब फिरवताना खरखर असेल तर नव्वद टक्के वेळा नुसती धूळ. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या भागाच्या) फटीत मारायचा आणि नॉब तीस वेळा या टोकापासून त्या टोकाला फिरवायचा. पॉट बदलायचाच असेल तर सिंगल कॉइलला 250 के (किलोओहम), हंबकरला 500 के. लॅमिंग्टन रोडला मिळतात, पण जुना पॉट काढून सोबत न्या. आशियाई गिटारच्या दांड्याला बहुधा 18 दाते असतात, अमेरिकन पॉटला 24, त्यामुळे नॉब बसत नाही. अमेरिकन पॉटची मान साडेनऊ मिमीची असते, म्हणजे भोकही मोठं करावं लागतं.

परदेशातून येणारे नातेवाईक गिटार आणत असतील तर आणू द्या, तिला व्होल्टेजशी देणंघेणं नाही. अमेरिकेतला 120 व्होल्टचा ॲम्प मात्र आपल्या 230 वर थेट लावला की गेला.

धोबीतलावला नेहमी खरेदी करणारा

फुर्टाडोज 1865 पासूनची पेढी, त्यामुळे धोबीतलावला जायची सवय मुंबईकरांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. दुकान कुठलंही असो, एकाच मॉडेलचे दोन नग मागा आणि दोन्ही वाजवा. त्याच कारखान्यातल्या, त्याच किमतीच्या दोन गिटारमध्ये फ्रेटच्या टोकांची सफाई वेगळी निघते. नेकच्या कडेवरून हात फिरवा. करवतीसारखं टोचलं तर तो नग बाजूला. जो वाजवला तोच नग घ्या, आतून आणलेला बंद खोका नको. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीसाठी तो लागतोच, चार वर्षांनी विकतानाही लागतो. खोकाही फेकू नका, माळ्यावर टाका.

ऑनलाइन मागवली असेल तर खोक्यावरच्या लेबलपासून गिटार हातात येईपर्यंत एकच अखंड व्हिडिओ काढा. मध्ये थांबवलेला व्हिडिओ तक्रारीत चालत नाही.

मुलुंड, जुन्या गिटार विकते

जाहिरातीत दोष आधी लिहा, माझं हे मत कधी बदलणार नाही. दोष वाचून येणारा माणूस घासाघीस करत नाही, दोष समोर सापडला की तोच माणूस तीन हजार पाडून मागतो. मजकूर साधारण असा:

‘यामाहा पॅसिफिका 112 जे, एचएसएस (एक हंबकर, दोन सिंगल कॉइल), 22 फ्रेट. पहिल्या तीन फ्रेटवर बारीक तारांखाली खाचा, आवाजात फरक नाही. खालच्या कडेला एक रुपयाच्या नाण्याएवढा टवका. जॅक नवा. ट्रस रॉड दोन्हीकडे फिरतो, समोर दाखवीन. बिल आहे, खोका नाही.’

मॉडेलचं शेवटचं अक्षर गाळू नका. 112 व्हीमध्ये टोनचा नॉब ओढून हंबकरची एक कॉइल बंद करता येते, 112 जेमध्ये ते नाही. माहीतगार गिऱ्हाईक त्याच अक्षरासाठी फोन करतं.

फोटो सकाळी खिडकीशी, फ्लॅश बंद. पुढून, मागून, हेडस्टॉकच्या दोन्ही बाजू, पहिले पाच फ्रेट अगदी जवळून, ब्रिज, नेकचा जोड, आणि प्रत्येक टवका. सिरियल नंबरचे शेवटचे तीन आकडे झाका, मागेल त्याला भेटीत दाखवा. पिकअपच्या पाचही जागा वाजवून दाखवणारा मिनिटभराचा व्हिडिओ दहा फोटोंच्या तोडीचा असतो.

स्वच्छ करताना फ्रेटवर अतिबारीक स्टील वूल वापरत असाल तर आधी पिकअपवर टेप चिकटवा. नाहीतर लोखंडाचा चुरा चुंबकांना चिकटतो आणि मग निघता निघत नाही. लेमन ऑइल गडद, उघड्या लाकडाच्या फिंगरबोर्डला (नेकवरच्या बोटं ठेवायच्या पट्टीला). वार्निश केलेल्या मेपलला त्याची गरज नाही. तारा नव्या लावा, एवढा खर्च वसूल होतो.

किंमत: आज ते मॉडेल दुकानात कितीला आहे ते बघा, तुम्ही कितीला घेतलं होतं ते विसरा. आज 30,000 ला मिळत असेल तर नीट ठेवलेलीला 18,000 च्या पुढे फारसं कुणी जात नाही. 20,000 लिहा, 18,000 ला द्या. पिकअप बदललेले असतील तर त्यांचे पैसे धरू नका. जुने पिकअप परत बसवून नवे वेगळे विकले तर जास्त मिळतात.

अंधेरी

पैशांचं. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. ‘क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील’ म्हणणारा चोर आहे. सैन्यात आहे, बदली झालीय, न बघताच घेतो, हाही ठरलेला डाव. स्क्रीनशॉट आणि एसएमएस दोन्ही बनावट असू शकतात, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली दिसल्याशिवाय गिटार हातातून सोडू नका. फसवणूक झालीच तर लगेच 1930 ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा. पहिल्या तासाभरात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

भेट स्टेशनवर नको. तिथे ॲम्प लावायला सॉकेट नाही आणि गर्दीत ऐकू काही येत नाही. तासावर मिळणारी सरावाची खोली घ्या, भाडं दोघांत निम्मं. ॲम्प तिथला असल्यामुळे दोघांनाही खात्री पटते. साध्या कागदावर मॉडेल, सिरियल नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. चोरीच्या मालाचा प्रश्न पुढे कधी आला तर हाच कागद कामाला येतो.

नामांकित ब्रँड फारच स्वस्तात दिसला तर: गिब्सनच्या ट्रस रॉडच्या झाकणाला दोन स्क्रू असतात. तीन दिसले की परत फिरा.

ठाणे, बाहेरगावी पाठवण्याबद्दल

कुरियरमध्ये सर्वात जास्त तुटतो तो हेडस्टॉक. लेस पॉल पद्धतीचा हेडस्टॉक मागे झुकलेला असतो, खोका पाठीवर पडला की सगळा मार तिथेच. तारा एक-दोन स्वर उतरवा, पूर्ण काढू नका. तारा आणि फ्रेट यांच्यात कागदाची घडी. हेडस्टॉकच्या खाली आणि वर कागदाचे बोळे इतके घट्ट की खोका हलवला तर आतून आवाज येता कामा नये. ट्रेमोलोची (स्वर हलवायची) दांडी काढून वेगळी गुंडाळा, ॲक्टिव्ह पिकअप असतील तर 9 व्होल्टची बॅटरीही काढा. चार स्क्रूंनी जोडलेला नेक असेल तर तो काढून बॉडीशेजारी ठेवला की खोकाही लहान होतो आणि धोकाही. मात्र घेणाऱ्याला तो परत बसवता येतो का, ते आधी विचारा.

बोरिवली

हल्लीच्या स्वस्त गिटारवर ‘इंडियन लॉरेल’चा फिंगरबोर्ड लिहिलेला असतो. ते काही दुय्यम परदेशी लाकूड नव्हे, तो आपल्या सह्याद्रीतला ऐन. रोजवूड म्हणजे शिसवीच्या जातीचं लाकूड. ऐन जरा फिकट आणि कोरडा दिसतो, वर्षातून दोनदा तेलाचा हात पुरतो. केवळ त्यावरून किंमत पाडू नका.

कुलाबा

समुद्राजवळच्या घरातली गिटार घेणार असाल तर ब्रिजच्या सॅडलमधले (सॅडल म्हणजे तारेखालचे छोटे ठोकळे) उंचीचे बारीक स्क्रू बघा. स्ट्रॅट पद्धतीच्या ब्रिजवर एकेका सॅडलला दोन, म्हणजे एकूण बारा. खाऱ्या हवेने ते आतल्या आत गंजून धरतात आणि वरून नुसतं तपकिरी बोट लागल्यासारखं दिसतं. दीड मिमीची की घालून प्रत्येक जेमतेम हलतो का बघा. धरलेला असेल तर तेलाचा एक थेंब सुईने सोडा, रात्रभर थांबा, आणि आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित, मग उलट. एकदम उलट फिरवला की कीचा कोपरा झिजतो आणि स्क्रू कायमचा अडकतो. बारातले दोन-तीन अडकलेले असतील तर सॅडलचा नवा संच धरूनच किंमत बोला.