मदत हवी आहे : ओल मागणारे कंद घरात, कुंडीत कसे वाढवावेत?

नमस्कार मंडळी,

फ्रिटिलारिया मेलिआग्रिसचे कंद हाती आले आहेत. जांभळ्या-पांढऱ्या चौकटींची, मान खाली घातलेली फुलं येतात, तेच. सोबत ल्युकोजम एस्टिव्हमचेही (पांढऱ्या, घंटेसारख्या फुलांचं कंदाचं झाड) थोडे आहेत. दोन्ही घरातच फुलवायचे आहेत, बाहेर जमीन नाही.

कंद म्हटलं की जिथे तिथे एकच सल्ला वाचायला मिळतो : पाणी बेताचं, फुलं संपली की पूर्ण कोरडं. हा हिशेब ट्यूलिपचा. ट्यूलिपच्या बऱ्याच जाती मध्य आशियातल्या, कडक कोरड्या उन्हाळ्याच्या डोंगरउतारांवरच्या. ही फ्रिटिलारिया मात्र युरोपातल्या नदीकाठच्या ओलसर कुरणांतली, जिथे हिवाळ्यात पुराचं पाणी येऊन जातं. ल्युकोजम तर दलदलीतही वाढतं. मग दोघांना ट्यूलिपच्या नियमाने वागवून कसं चालेल? आणि खूप पाणी घातलं तर कुंडीत कुजणार नाहीत का?

फुलण्याआधी या कंदांना थंडी लागते, त्यासाठी फ्रिज वापरणार आहे. सुटे कंद पिशवीत ठेवू की कुंडीत लावून कुंडीच आत ठेवू? फ्रिटिलारियाचे कंद आत्ताच हाताला मऊ लागताहेत. कुंडीखालच्या ताटलीत पाणी ठेवावं का, तेही सांगा. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

कुंडीच ठेवा, आणि लावायचं काम आजच उरका. फ्रिटिलारियाच्या कंदाला कांद्या-लसणावर असतं तसं कोरडं साल नसतं, त्यामुळे उघड्यावर तो झपाट्याने सुकतो. मऊ पण पांढरा असेल आणि वास येत नसेल तर तहानलेला आहे, ओल मिळाली की सावरू शकतो. तपकिरी, चिकट, वास मारणारा असेल तर फेकून द्या.

थंडी १२ ते १५ आठवडे, तापमान २ ते ९ अंश. या काळात वर काही दिसत नाही, पण खाली मुळं धरतात, म्हणून माती ओलसर हवी. कुंडीला भोकं पाडलेली पिशवी सैल घाला आणि अधूनमधून मातीत बोट घालून बघा. त्याच फ्रिजमध्ये सफरचंद, केळी नकोत. पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि कंदातली कळी आतल्या आत मरते. दोन्ही कंद विषारी आहेत, तेव्हा कुंडीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा. (ल्युकोजममधून गॅलँटामाइन मिळतं, अल्झायमरवर देतात ते औषध. म्हणून कोणी चाखून बघू नये!)

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. फक्त ताटलीबद्दल. कुरणातलं पाणी थंड असतं, हलतं असतं, मुळांना हवा मिळते. उबदार खोलीतल्या कुंडीत साचलेलं पाणी म्हणजे वेगळंच प्रकरण. ल्युकोजमला हिरवी पानं असताना ताटलीत बोटभर पाणी चालेल. फ्रिटिलारियाला पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ताटली रिकामी करा. माती पाणी धरणारी पण मोकळी हवी : कुजलेल्या पाल्याचं खत आणि कोकोपीट जास्त, जाड वाळू थोडी. मातीच्या कुंडीपेक्षा प्लास्टिकची घ्या, ओल टिकते.

कोंब दिसले की कुंडी थेट उबेत आणू नका. १० ते १५ अंशांची उजेडाची जागा शोधा. एकदम ऊब लागली तर कळ्या वाळतात, आणि घरात फुलवताना खरा घोटाळा इथेच होतो. पाण्याचा प्रश्न त्यामानाने सोपा.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. कंद लगेच लावते. दोन्ही एकाच कुंडीत चालतील का? आणि हेच कंद पुढच्या वर्षी फुलतील?

प्रतिसाद २

वेगळ्या कुंड्या करा. ल्युकोजम दीड-दोन फूट उंच होतं, फ्रिटिलारिया फूटभर, शिवाय पाण्याची गरज वेगळी. पुढच्या वर्षीचं म्हणाल तर घरात फुलवलेला कंद दमतो, लगेच फुलेल असं धरू नका. पानं आपोआप पिवळी पडेपर्यंत पाणी आणि पातळ खत चालू ठेवा. त्यानंतरही माती ठणठणीत कोरडी होऊ द्यायची नाही. सावलीतल्या गार कोपऱ्यात किंचित ओल राखून ठेवा.

धागाकर्ती

गार कोपरा घरात एकच आहे, तोही न्हाणीघराशेजारी, उजेड जवळजवळ नाही. पानं गळल्यावर तिथे ठेवलेलं चालेल ना?

प्रतिसाद १

पानं गेल्यावर उजेडाची गरज नाही, खुशाल ठेवा. फक्त साबणाचं पाणी उडणार नाही एवढं बघा.