गोधड्या, गणपतीची शिल्लक आणि एल्मायराची ती दोन पोरं

प्रेषक: एल्मायराकर
शनिवार रात्री

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या शिलकीचं काय करायचं यावर मंडळाच्या सभेत पाऊण तास गेला आणि निष्पन्न काय, तर चहा निवला. म्हणून इथे लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आज इथे ऑन्टारियोत किचनरला केंट ॲव्हेन्यूवर गेलो होतो. तिथे मेनोनाइट सेंट्रल कमिटीचं ऑफिस आहे (मेनोनाइट म्हणजे युद्ध न मानणारा एक ख्रिस्ती पंथ, ही त्यांची मदतसंस्था) आणि त्यांचं जुन्या वस्तूंचं दुकान. मी पुस्तकांचं कपाट शोधायला गेलो आणि भलतीकडेच रमलो. आतल्या बाजूला लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर एक गोधडी ताणून ठेवलेली. भोवती सात-आठ बायका आणि ऐंशीच्या घरातले एक आजोबा. आजोबांच्या हातात पक्कड! गोधडीला पक्कड कशाला, मला कळेना. तर आतला थर जाड, त्यातून सुई सरळ निघत नाही, बायकांची बोटं दुखतात. सुईचं टोक वर आलं की आजोबा पकडीने ती ओढून देत होते. धावदोरा नाहीच. थोड्या थोड्या अंतरावर दोरा आरपार घालायचा, गाठ मारायची, दोन बोटं शेपूट ठेवून कापायचं. मलाही एक गाठ मारायला दिली. मी पाठ वळवल्यावर ती उसवली गेली, हे मी पाहिलं.

साधारण साठ बाय ऐंशी इंचांच्या या गोधड्या सीरिया, जॉर्डन, युक्रेन अशा ठिकाणी निर्वासितांना जातात. २०२० साली संस्थेला शंभर वर्षं झाली, तेव्हा एका दिवसात साडेसहा हजार गोधड्या करायच्या असा संकल्प त्यांनी सोडला होता. संस्था सुरू झाली तीही उपासमारीतूनच. रशियातल्या यादवी युद्धानंतर आजच्या युक्रेनमध्ये दुष्काळ पडला, तिथल्या मेनोनाइटांनी अमेरिकेतल्या भाऊबंदांकडे हात पसरले, आणि अमेरिकेतल्याच एकमेकांशी न पटणाऱ्या मेनोनाइट गटांनी १९२० मध्ये मिळून एक कमिटी काढली. १९२२ मध्ये त्यांची अन्नछत्रं रोज पंचवीस हजार लोकांना जेवू घालत होती. पुढच्या पेरणीसाठी पन्नास फोर्डसन ट्रॅक्टरही पाठवले, कारण नांगराला घोडेच उरले नव्हते.

(एकमेकांशी न पटणारे गट. वाचून कोणाची आठवण झाली?)

तर प्रस्ताव असा: शिलकीतून कापड आणि आतला कापूस घेऊ, एका रविवारी हॉलमध्ये जमू आणि जमतील तेवढ्या गोधड्या करून केंट ॲव्हेन्यूला देऊ.

एल्मायराकर

---

प्रेषक: खजिनदार
रविवार सकाळ

एल्मायराकर, कल्पना छान. पण आधी हिशोब.

मंडळ ना-नफा म्हणून नोंदलेलं आहे, धर्मादाय म्हणून नाही. त्यामुळे आपण कोणालाही करसवलतीची पावती देऊ शकत नाही. ज्यांना पावती हवी त्यांनी पैसे थेट संस्थेला द्यावेत, मंडळाच्या खात्यातून फिरवू नयेत. दर वर्षी मार्चमध्ये मला याबद्दल फोन येतात, म्हणून आत्ताच सांगतो.

दुसरं. पैसाच द्यायचा असेल तर कॅनेडियन फूडग्रेन्स बँकेचाही विचार करा. याच मेनोनाइटांच्या १९७० च्या दशकातल्या धान्यकोठारातून ती निघाली. १९८३ पासून इतर चर्चही त्यात आहेत, कचेरी विनिपेगला. शेतकरी मिळून एखादं शेत लावतात, पीक विकून पैसे बँकेला देतात, आणि ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार एका डॉलरला चार डॉलर घालतं. गोधडीला सरकार काही घालत नाही.

खजिनदार

---

प्रेषक: गुएल्फकर
रविवार दुपार

मला दोन शंका आहेत आणि कोणी रागावू नये.

एक, या संस्थेच्या बोधवाक्यातच ‘ख्रिस्ताच्या नावाने’ असे शब्द आहेत. गणपतीला जमलेले पैसे तिथे जाणार. वर्गणी देणाऱ्यांना विचारलंय का?

दोन, एवढं शांततेचं नाव घेणारी ही मंडळी धुतल्या तांदळासारखी नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी युरोपातून जे मेनोनाइट निर्वासित हलवले, त्यांतल्या काहींचे नाझींशी लागेबांधे होते आणि संस्थेने त्यावर पांघरूण घातलं. पांघरूण हा शब्द इथे मुद्दाम.

गुएल्फकर

---

प्रेषक: धमतरीची मावशी
रविवार रात्री

गुएल्फकर, रागावत नाही. पण माझं नावच असं आहे की मला बोलणं भाग आहे.

माझे आजोबा नागपूरचे, नोकरीनिमित्त रायपूरला गेले आणि आम्ही तिकडचेच झालो. माझा जन्म धमतरीच्या ख्रिश्चन हॉस्पिटलातला. ते हॉस्पिटल मेनोनाइट मिशनचं. १८९७ च्या दुष्काळात अमेरिकेतून धान्याचं जहाज आलं, त्याच्या वाटपासाठी एल्खार्टचे जॉर्ज लॅम्बर्ट नावाचे मेनोनाइट गृहस्थ हिंदुस्थानात आले. परत जाऊन त्यांनी आपल्याकडची हालत सांगितली, आणि १८९९ मध्ये त्यांचे मिशनरी धमतरीला पोचले ते थेट छप्पन्नच्या (म्हणजे संवत १९५६ च्या) दुष्काळातच. तेव्हा तो मुलूख मध्य प्रांतात, राजधानी आपलं नागपूर. म्हणजे ही माणसं आपल्याला अगदीच परकी नाहीत.

धर्मांतर झालं का? झालं. तिथे मेनोनाइट चर्च आहेत, माझ्या वर्गात त्यांची मुलं होती. मी ते लपवणार नाही. पण मिशन वेगळं आणि ही सेंट्रल कमिटी वेगळी. कमिटी आपल्याकडे आली १९४२ मध्ये, कलकत्त्याला, आणि लगेच बंगालचा दुष्काळ पुढ्यात. तिचं काम मदतीचं. आमच्या आईला बाळंतपणात तिथे कोणी धर्म विचारला नाही. एवढं मात्र खरं की नर्सबाई सकाळी प्रार्थना म्हणायच्या आणि आई म्हणे डोळे मिटून रामरक्षा म्हणायची. दोघींचं छान जमलं.

आणि ते ‘टेन थाउजंड व्हिलेजेस’चं दुकान आठवतं का? त्याचं मूळही हेच. १९४६ मध्ये एडना रूथ बायलर पोर्तो रिकोला गेल्या, तिथल्या गरीब बायकांचं भरतकाम घेऊन आल्या आणि गाडीच्या डिकीतून विकायला लागल्या. पुढे दुकानं झाली. आणि नाव सुचलं ते गांधीजींच्या वाक्यावरून, भारत खेड्यांत राहतो म्हणाले होते ना, त्यावरून. कॅनडातली त्यांची स्वतःची दुकानं २०२० मध्ये बंद झाली. मी तिथून आणलेली पितळी घंटा अजून देवघरात आहे.

मावशी

---

प्रेषक: एल्मायराकर
सोमवार रात्री

मावशी, रामरक्षेला दंडवत.

गुएल्फकर, नाझींचा मुद्दा बरोबर आहे. फक्त पुढचा भाग राहिला. ते पांघरूण काढलं कोणी? संस्थेनेच. इतिहासकारांना स्वतःची कागदपत्रं उघडून दिली आणि २०२१ मध्ये स्वतःच्याच नियतकालिकात सगळं छापलं. आपल्याला मागच्या तीन वर्षांची इतिवृत्तं सापडत नाहीत.

आता खरं सांगतो मला हा विषय का काढायचा होता. मी राहतो त्या एल्मायरात मे १९७४ मध्ये अठरा-एकोणीस वर्षांच्या दोन पोरांनी दारू पिऊन एका रात्रीत बावीस ठिकाणी धुडगूस घातला. टायर कापले, काचा फोडल्या, कोणाची तरी होडी रस्त्यावर ओढून तिला भोकं पाडली. गुन्हा कबूल. शिक्षा ठरायची होती. पोरांचा अहवाल लिहायचा होता मार्क यांत्झी या प्रोबेशन अधिकाऱ्याला, जो स्वतः मेनोनाइट. सेंट्रल कमिटीच्या एका बैठकीत तो म्हणाला, या दोघांनी ज्यांचं नुकसान केलं त्यांच्या दारात जाऊन उभं राहिलं तर? कायद्यात अशी काही सोय नव्हती. यांत्झीला वाटलं न्यायाधीश हसतील. गॉर्डन मॅककॉनेल यांनी आधी आढेवेढे घेतले आणि मग चक्क हुकूम दिला.

मग यांत्झी आणि कमिटीचा डेव्ह वर्थ वही घेऊन मागे उभे, आणि पोरं एकेक दार वाजवताहेत. ‘तुमची काच मी फोडली.’ दारातला माणूस काय म्हणेल ते ऐकायचं, विम्यातून किती मिळालं आणि पदरचे किती गेले ते लिहून घ्यायचं. काही महिन्यांत पोरांनी पैसे चुकते केले. मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. त्यातला एक, रसेल केली, पन्नाशीकडे झुकल्यावर इथल्या कॉलेजात शिकायला गेला आणि वर्गात पाहुणे वक्ते हीच गोष्ट सांगायला लागले. जगभर अभ्यासलेलं प्रकरण म्हणून! हा मागच्या बाकावर बसून ऐकतोय आणि त्याला कळतंय की त्यातला एक मुलगा आपणच. नंतर तो किचनरच्या कम्युनिटी जस्टिस इनिशिएटिव्हज या, गुन्हा करणारा आणि सोसणारा यांना समोरासमोर आणणाऱ्या संस्थेत स्वयंसेवक झाला.

शांततेचं काम म्हणजे परिषदा आणि मेणबत्त्या असं मला वाटायचं. माझ्याच गावात कोणी दार वाजवत फिरलं होतं हे मला इथे बारा वर्षं राहून माहीत नव्हतं.

आता माझी मूळ खोडी. दिवाळीच्या हॉलवरून मंडळाची दोन मंडळं झाली त्याला आता दोन वर्षं होतील. त्या सभेत मीही बोललो होतो आणि जरा जास्तच बोललो होतो. गोधडीच्या रविवारी ‘तिकडच्यांना’ही बोलवायचं का? चौकटीला चार बाजू असतात, एका बाजूने ताणून ती उभी राहत नाही.

एल्मायराकर

---

प्रेषक: गुएल्फकर
सोमवार, मध्यरात्र

बोलवा. वर्गणीचा मुद्दा मी मागे घेत नाही, पण कापड लोकांनी घरून आणलं तर तो प्रश्नच उरत नाही. शिल्लक बँकेत राहू दे.

जाता जाता: मेच्या अखेरीस न्यू हॅम्बर्गच्या रिलीफ सेलला मी दोनदा गेलोय. १९६७ पासून चालू आहे. हाती शिवलेल्या रजयांचा लिलाव होतो, एकेक रजई हजारांत जाते, सगळा पैसा मदतकार्याला. पण मी जातो सफरचंदाच्या भज्यांसाठी. रांग आपल्या महाप्रसादासारखी, फक्त कोणी मध्ये घुसत नाही.

---

प्रेषक: कार्यवाह
मंगळवार

बहुमत दिसतंय. महिन्याचा शेवटचा रविवार, सकाळी दहा. घरून सुती कापड आणावं, धुतलेलं, रंग न जाणारं. सिल्क, जॉर्जेट नको. डबे आपापले. केंट ॲव्हेन्यूला फोन करून मापं आणि चौकट मागवते. ‘तिकडच्यांना’ आमंत्रण कोण लिहिणार? मी लिहिलं तर त्यांना वाटेल कारस्थान आहे.

---

प्रेषक: केंब्रिजकर
मंगळवार संध्याकाळ

लिहायची गरज नाही. दोन वर्षांपूर्वी मी मंडळ सोडलं, पण लिस्टवरून माझं नाव काढायला तुम्ही विसरलात. सगळं वाचतेय. हॉलच्या भांडणात कोण काय बोललं तेही वाचलं होतं. एल्मायराकर, तुम्ही जरा जास्त नाही, पुष्कळच जास्त बोलला होतात.

सासूबाई इथे आल्या आहेत, सोलापूरच्या. त्यांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं शब्दशः देते:

“गाठी मारून कुठं गोधडी होती व्हय? टाका बारीक पडाय पाहिजे, कडंनं आत येत येत. आन् खालनं नऊवारीचं अस्तर. त्या म्हाताऱ्याला म्हणावं पक्कड ठेव, सुईला मेण लाव.”

त्यांना सांगितलं की इथे गाठींचीच पद्धत आहे. विचार करून म्हणाल्या, गाठी तर गाठी. एक चौकट मात्र त्यांना वेगळी हवी. दोन लुगडी बॅगेतून काढून आत्ताच उन्हात टाकली आहेत. उणे सहा आहे बाहेर.

आम्ही चौघं येतो. हॉलचं भाडं यावेळी कोण भरणार ते आधी ठरवा.

केंब्रिजकर