मदत हवी आहे: ‘हे हिशेब आम्ही तपासलेले नाहीत’ असं ऑडिटरच लिहितो, मग सही कशावर करतो?

वर्धाकाठ

नमस्कार मंडळी,

इथे ताळेबंद वाचता येणारे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून दिसतं, म्हणून विचारते. मी निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं गणित शिकवलं, पण त्यात डेबिट-क्रेडिट नव्हतं. बल्लारपूरला राहते.

माझ्याकडे कोल इंडियाचे थोडे शेअर आहेत. २०१० च्या नोव्हेंबरात लिस्टिंग झालं, त्याच इश्यूतले. भाव २४५ रुपये होता, यांना कर्मचारी म्हणून थोडी सवलत मिळाली होती. हे वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्समध्ये, सर्व्हेअर होते. आता हे नाहीत, शेअर माझ्या नावावर झालेत. भाचा म्हणतो, मामी विकून टाक. म्हटलं, आधी कंपनी काय आहे ते वाचू तर दे. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा वार्षिक अहवाल उघडला.

त्यात ऑडिट रिपोर्ट दोन आहेत, स्टँडअलोन (एकट्या मूळ कंपनीचा) आणि कन्सॉलिडेटेड (उपकंपन्या धरून सगळ्या समूहाचा). कन्सॉलिडेटेडच्या सुरुवातीलाच लिहिलंय की हिशेब सत्य आणि वाजवी चित्र दाखवतात. बरं वाटलं. मग चारदोन पानं पुढे ‘इतर बाबी’ असा मथळा आहे, आणि त्याखाली, मला कळलं त्याप्रमाणे, असं: उपकंपन्यांचे हिशेब आम्ही तपासलेले नाहीत, ते दुसऱ्या ऑडिटरांनी तपासले आहेत, त्यांचे अहवाल आम्हाला व्यवस्थापनाने दिले आणि उपकंपन्यांपुरतं आमचं मत केवळ त्या अहवालांवर आधारलेलं आहे. वर पुन्हा, यामुळे आमच्या मतात काही फरक पडत नाही!

अहो, कोल इंडिया म्हणजे उपकंपन्याच की. ईसीएल, बीसीसीएल, सीसीएल, आमची वेकोलि, एसईसीएल, एमसीएल, एनसीएल. त्या वगळल्या तर मागे राहतं काय, कोलकात्याची इमारत?

बोर्डाच्या पेपर तपासणीला मी अनेक वर्षं जात होते. तिथे परीक्षक पेपर तपासतो आणि नियामक त्यातले काही गठ्ठ्यातून काढून स्वतः पुन्हा तपासतो. नियामकाने ‘मी एकही पेपर पाहिला नाही, पण गुण बरोबर आहेत’ असं लिहून दिलं असतं तर त्याला घरी पाठवला असता. हा मुख्य ऑडिटर निदान नियामकाचं काम तरी करतो का?

दुसरं जरा घरगुती आहे. दर ३१ मार्चच्या सुमारास हे कोळशाचे ढीग मोजायला जायचे, रात्री काळेठिक्कर होऊन यायचे. त्यांनी मोजलेला आकडा या चारशे पानांत नेमका कुठे बसतो?

---

आकडेमोड

नमस्कार ताई. मी सीए आहे. कोल इंडियाशी कामाचा संबंध नाही, दोन सरकारी कंपन्यांचं ऑडिट मात्र केलंय.

तुमचा अंदाज जवळजवळ बरोबर आहे. कोल इंडिया ही मूळ कंपनी स्वतः खाणी चालवते त्या फक्त आसामात, मार्गेरिटाच्या बाजूला. २०२३-२४ मध्ये समूहाचं उत्पादन ७७ कोटी टनांच्या पुढे होतं, त्यात आसामचा वाटा चिमूटभर. मूळ कंपनीचा स्टँडअलोन नफा येतो तो मुख्यतः उपकंपन्यांच्या लाभांशातून. कन्सॉलिडेशनमध्ये हाच लाभांश वजा होतो, कारण एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा कमाईत धरत नाहीत. त्याच्या जागी उपकंपन्यांचा खरा नफा-तोटा, कोळशाचा साठा, देणी, सगळं ओळीओळीने मिळवतात. म्हणजे मुख्य ऑडिटरने जे स्वतः तपासलं त्यातलं बरंचसं इथे उडून जातं आणि उरतं ते दुसऱ्यांनी तपासलेलं.

पण ‘कुणीच तपासलं नाही’ असं मात्र नाही. सरकारी कंपनीचा ऑडिटर कंपनी नेमत नाही, कॅग (भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक) नेमते. कंपनी कायद्याचं कलम १३९(५). वेकोलिचा वेगळा, एमसीएलचा वेगळा, आणि सगळ्यांची नेमणूक कॅगकडूनच. कोल इंडियाचा मुख्य ऑडिटर हा वेकोलिच्या ऑडिटरचा साहेब नाही. दोघं बरोबरीचे.

आता नियामकाचं. आपल्याकडे यासाठी एसए ६०० हे मानक आहे, २००२ पासूनचं. त्याचा पाया ‘जबाबदारीची वाटणी’ हा आहे: मूळ कंपनीची जबाबदारी माझी, उपकंपनीची तिच्या ऑडिटरची, आणि हे मी अहवालात उघड सांगणार. तुम्ही वाचलेला परिच्छेद म्हणजे हेच उघड सांगणं. दुसऱ्याचं काम आपल्या कामापुरतं पुरेसं आहे याची खात्री मुख्य ऑडिटरने करायची असते, प्रश्नावली पाठवणं, चर्चा करणं, सूचना देणं. पण समोरचा आयसीएआयचा, म्हणजे आम्हा सीएंच्या संस्थेचा, सभासद असेल तर त्याची पात्रता वेगळी तपासायची गरज मानकात ठेवलेली नाही. गठ्ठ्यातून पेपर काढून पुन्हा तपासण्याची सक्ती तर नाहीच.

नियामकाच्या जवळ जाणारं कुणी असेल तर ती कॅग. ऑडिट रिपोर्ट हाती आल्यापासून साठ दिवसांत ती पूरक ऑडिट करून टिप्पणी देऊ शकते. अहवालात कॅगचं एक-दोन पानी पत्र असेल, ते काढा. कोणत्या उपकंपन्यांचं पूरक ऑडिट केलं आणि कोणत्यांचं केलं नाही, अशी नावंच दिलेली असतात. मात्र त्याच पत्रात हेही असतं की ऑडिटरांची कार्यपत्रं न पाहता, मुख्यतः विचारपूस करून आणि काही नोंदी निवडून हे काम केलंय.

---

तिरपागडा

थोडक्यात, ताई: परीक्षकाने तपासलं, नियामकाने परीक्षकाचं पत्र वाचलं, मुख्य नियामकाने दोघांना फोन केला. निकाल जाहीर.

---

आकडेमोड

@तिरपागडा, टोला मारायला सोपं आहे. वेकोलिचे हिशेब वेकोलिच्या ऑडिटरने मुळापासून तपासलेले असतात, एरियांसाठी ब्रँच ऑडिटर असतात ते निराळे. मुख्य ऑडिटरने तेच काम पुन्हा करायचं तर अहवाल दिवाळीनंतर येईल आणि फी भागधारकांच्याच खिशातून जाईल.

---

वर्धाकाठ

एप्रिलमध्ये एरिया ऑफिसात ऑडिटर येऊन बसायचे हे यांच्या तोंडून ऐकलंय. त्या दिवसांत घरी जेवायला यायची वेळ चुकायची. म्हणजे ते ब्रँच ऑडिटर असावेत. आकडेमोड, तुमचं पटतंय, पण पूर्ण नाही. वेकोलिच्या ऑडिटरने काही गंभीर लिहिलं असेल तर ते मला कोल इंडियाच्या अहवालात दिसेल का, की वाटेतच विरघळेल?

---

ओबी_डंप

ताई, मीही सर्व्हेचाच. वणीच्या बाजूला होतो, आता रिटायर. ढिगाचं मी सांगतो, ते या सीए लोकांना पायाखाली घेतल्याशिवाय कळायचं नाही.

कोळशाचे दोन आकडे असतात. एक बुक स्टॉक, म्हणजे काढला किती, पाठवला किती, उरला किती, हे कागदावरचं. दुसरा मोजलेला, म्हणजे आम्ही ढिगावर चढून काढलेला. पूर्वी थिओडोलाइट, मग टोटल स्टेशन, आता ड्रोन आणि लेझर स्कॅनर. त्यातून मिळतं ते घनफळ. टन काढायला घनतेने गुणावं लागतं, आणि खरी मारामारी तिथे. तोच कोळसा सैल टाकलेला वेगळा भरतो, डोझर फिरवून दाबलेला वेगळा. पावसात भिजला की वजन वाढतं. उन्हाळ्यात ढीग आतून धुमसतो, थोडा जळून जातो. तळाचा थर मातीत रुततो, तो कोळसा धरायचा की माती? दोन आकडे तंतोतंत जुळले असते तर मलाच संशय आला असता.

म्हणून कोल इंडियाच्या लेखा धोरणातच नियम आहे: बुक स्टॉक आणि मोजलेला स्टॉक यांत ५ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त फरक असेल तर हिशेबात बुक स्टॉक धरायचा, त्याच्या पलीकडे गेला तर मोजलेला. उदाहरणार्थ, कागदावर १० लाख टन आहे आणि आम्ही ९ लाख ६० हजार मोजला, तर ताळेबंदात १० लाखच जाणार. ९ लाख ४० हजार निघाला तर मात्र आमचा आकडा चालतो.

म्हणजे तुमच्या यजमानांचा आकडा बहुतेक वर्षी छापलाच गेला नसणार. तो छापलेल्या आकड्याच्या मागे पहारा देत उभा असतो.

---

वर्धाकाठ

ओबी_डंप भाऊ, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. धन्यवाद.

पण गणिताची शिक्षिका आहे, तेव्हा विचारणारच. ५ टक्के ही मर्यादा मोठी नाही का? शाळेत प्रयोगाला एवढी त्रुटी चालायची, पण तिथे कुणी नफा मोजत नव्हतं.

---

ओबी_डंप

ढिगाला मोठी नाही. पैशाला मोठी आहे का ते आकडेमोड सांगतील.

---

आकडेमोड

पैशाला दोन गोष्टी लक्षात घ्या. साठ्याचं मूल्य विक्रीच्या भावाने धरत नाहीत. उत्पादन खर्च किंवा विकून हाती येईल ती रक्कम, यांतलं जे कमी असेल ते धरतात. आणि ऑडिटरचं काम नुसता आकडा उतरवून घेणं नाही. साठा महत्त्वाचा असेल तर मोजणीच्या वेळी हजर राहावं असं मानक सांगतं. मी पाहतो ते फरक कुठल्या बाजूला झुकतोय. एका वर्षी ३ टक्के कमी, पुढच्या वर्षी २ टक्के जास्त, तर मोजणीची त्रुटी म्हणून सोडेन. दरवर्षी कमीच निघत असेल आणि दरवर्षी साडेचारवरच थांबत असेल, तर पुस्तकं मिटून आधी खाणीवर जाईन.

तुमचा आधीचा प्रश्न राहिलाय. विरघळू नये म्हणून कायद्याने एक चाळणी ठेवली आहे. ऑडिटरने अहवालात कशाकशावर लिहायचं ते ठरवणाऱ्या कारो २०२० या सरकारी आदेशाचं शेवटचं कलम, ३(२१). उपकंपनीच्या ऑडिटरने कारो अहवालात प्रतिकूल काही लिहिलं असेल, तर कन्सॉलिडेटेड अहवालाच्या परिशिष्टात त्या कंपनीचं नाव आणि परिच्छेदाचा क्रमांक द्यावा लागतो. क्रमांक फक्त, मजकूर नाही. मजकुरासाठी वेकोलिचा स्वतंत्र वार्षिक अहवाल उघडायचा; उपकंपन्यांचे हिशेब वेबसाइटवर ठेवणं बंधनकारक आहे.

साठ्यापेक्षा मी मात्र दोन गोष्टींवर जास्त वेळ घालवतो: ओबी (कोळशाच्या वरची काढून टाकावी लागणारी माती-दगड) आणि खाण बंद करण्याची तरतूद. बंदीचं त्यातल्या त्यात सोपं. २००९ च्या भावाने ओपनकास्टला हेक्टरी ६ लाख, अंडरग्राउंडला १ लाख, आणि घाऊक महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढवून एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, भरायचे, असं कोळसा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी ठरवलं. खात्यात पैसे आहेत की नाहीत हे बँकेचं पत्र सांगतं. ओबीचं तसं नाही. आज काढलेल्या मातीचा खर्च आजच्या कोळशावर टाकायचा की पाच वर्षांनी निघणाऱ्या कोळशावर, हे खाणीच्या पूर्ण आयुष्यात किती माती आणि किती कोळसा निघणार या अंदाजावर ठरतं. हा अंदाज तंत्रज्ञांचा, आणि ऑडिटरला त्यावर बरंच टेकावं लागतं.

---

वर्धाकाठ

आणि हे तंत्रज्ञ कोण?

---

ओबी_डंप

प्रोजेक्ट रिपोर्ट सीएमपीडीआय करते. रांचीची. कोल इंडियाचीच उपकंपनी.

---

तिरपागडा

घ्या. पेपर काढणारा, सोडवणारा आणि मॉडेल उत्तरपत्रिका छापणारा एकाच घरातले.

---

आकडेमोड

यावर मी वाद घालणार नाही. सीएमपीडीआयची माणसं आपल्या विषयात पक्की आहेत, पण पक्कं असणं वेगळं आणि स्वतंत्र असणं वेगळं. व्यवस्थापनाच्या तज्ज्ञाचं काम वापरताना ऑडिटरने त्याची निष्पक्षता तोलायची असते, एसए ५०० मध्ये तसं स्पष्ट आहे. अशा ठिकाणी मी तरी मागच्या वर्षांचे अंदाज आणि प्रत्यक्ष निघालेली माती समोरासमोर मांडून बघेन.

एक मात्र सांगतो. जगभर एकच ऑडिटर असला की सगळं आलबेल, असंही नाही. रिओ टिंटोने २०११ मध्ये मोझांबिकचा कोळसा ३७० कोटी डॉलरच्या आसपास देऊन घेतला. झांबेझी नदीतून बार्जने कोळसा न्यायचा बेत होता, तिथल्या सरकारने परवानगी दिली नाही. २०१४ मध्ये तोच प्रकल्प ५ कोटी डॉलरला विकला. २०१२ च्या सहामाही हिशेबात मूल्य वेळेवर खाली आणलं नाही म्हणून ब्रिटनच्या वित्तीय बाजार नियामकाने २०१७ मध्ये २ कोटी ७४ लाख पौंडांच्या आसपास दंड केला. तिथे आपल्यासारखी जबाबदारीची वाटणी नसते, समूहाचा ऑडिटर पूर्ण मताची जबाबदारी घेतो. तरी हे झालं.

---

तिरपागडा

मग आपल्याकडे ते मानक का नाही आणत? एनएफआरएचा, त्या ऑडिटवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, काहीतरी प्रस्ताव होता ना?

---

आकडेमोड

होता. सप्टेंबर २०२४ मध्ये एनएफआरएने सुधारित एसए ६०० चा मसुदा काढला, त्यात समूहाच्या ऑडिटरवर पूर्ण जबाबदारी होती. आयसीएआयने विरोध केला. मोठ्या फर्म सगळं काम आपल्याकडे ओढतील आणि छोट्या फर्म मरतील, ही मुख्य भीती. मी छोट्या फर्मचाच, तेव्हा माझं मत हिशेबात धरू नका. पण ताईंच्या दृष्टीने गंमत पुढे आहे. त्या मसुद्यातून सरकारी कंपन्या वगळल्या होत्या.

---

वर्धाकाठ

म्हणजे माझ्या शेअरना त्याचा उपयोग नाहीच.

बरं, सांगितल्याप्रमाणे काल रात्री बसले. कॅगचं पत्र सापडलं, वेकोलिचं नाव कुठल्या यादीत आहे ते पाहिलं. कारोचं परिशिष्टही सापडलं, कंपनीपुढे नुसते क्रमांक, आता वेकोलिचा अहवाल उतरवून घेतलाय आणि क्रमांक लावत बसले आहे. भाच्याला सांगितलं, विकायचं की नाही ते हे संपल्यावर बोलू. तो म्हणाला, मामी तोवर भाव पडेल. म्हटलं, पडू दे, यांना सवलतीत पडले त्या २३२ च्या खाली तर जात नाही ना.

ओबी_डंप भाऊ, एकच विचारायचं राहिलं. यांच्या कपाटात फील्डबुकं आहेत, पंधराएक असतील, पेन्सिलीने भरलेली. ऑफिसची असतील तर परत द्यावी लागतात का?

---

ओबी_डंप

ऑफिसची असती तर रिटायर होताना नो-ड्यूजलाच अडकली असती ताई. पहिल्या पानावर शिक्का आहे का बघा. नसेल तर ती त्यांची रफ. राहू द्या.